दोन सूत

सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाच्या मागे
मी पलंग काढला.
घणसोली, तिसरा मजला,
आठ बाय साडेनऊची खोली,
खिडकीत हायटेन्शनचा टॉवर
आणि त्याच्या पायाशी कुणीतरी लावलेली लाल माठाची भाजी.

प्लायवाल्यानं कॅटलॉग दिला होता.
बुरूज असलेला पलंग. घसरगुंडी असलेला.
डबलडेकर बससारखा लाल, पुढे खोटं स्टिअरिंग.
एकाच्या खाली तंबू, तंबूत उशा,
उशांवर एक कुत्रा, तोही कॅटलॉगमधला.
निहारनं कुत्र्यावर बोट ठेवलं.
मी पान उलटलं.

दत्ताराम मेस्त्री आले. आधी पंख्याखाली उभे राहिले,
हात वर करून,
बराच वेळ.
म्हणाले, पंखा भिंतीवर घेवा.
वरचा पोर झोपेत उठान बसता.
मग टेप काढली.
नऊ फुटांत दोन मजले,
म्हणजे कुणालातरी वाकावं लागणार,
चादर घालताना मला.

वर कोण निजतलो?
मुलगी, म्हटलं. दहाची.
खाली मुलगा, सात.
सख्खी?
टेपचं टोक माझ्या हातात होतं.
म्हटलं, जूनपासून एकत्र राहतील.
त्यांनी मान हलवली,
मी लांबी सांगितल्यासारखी,
आणि प्लायवर पेन्सिलनं सहा फूट लिहिलं.

रविवारी शिरीष गार्गीला घेऊन आला, खोली दाखवायला.
पलंग तेव्हा नुसता सांगाडा होता,
भुसा सगळीकडे, चहातसुद्धा.
ती चपला घालूनच उभी राहिली.
रंग कुठला हवा? कुठलाही.
शिडी की पायऱ्या? काहीही.
निघताना मेस्त्रींना म्हणाली, मला नाही,
एका ड्रॉवरला कुलूप पाहिजे.

म्हणून पायऱ्या झाल्या.
चार पायऱ्या, चार ड्रॉवर, तिसऱ्याला कुलूप.
कठडा गादीच्या वर हातभर.
निहारनं विचारलं, खाली अंधार असेल का?
म्हणून त्याच्या उशाशी दिवा, बटण आतल्या बाजूला.
कोपरे घासून गोल.
वरच्या फळ्या मात्र मेस्त्रींनी सुट्या सुट्या मारल्या,
मधे दोन-दोन सूत फट.
मी म्हटलं, जवळ घ्या ना, कचरा पडेल खाली.
हवा खेळाक व्हयी, बाय.
चिकटान ठोकलंय तर खाडीच्या दमटान फुगतत,
मग रातभर करकरतत.

ती आली. एक बॅग, एक बॅडमिंटनची रॅकेट.
मला अजून काही म्हणत नाही.
ऐका ना, म्हणते,
आपण कंडक्टरला म्हणतो तसं.
मी फडकं तिसऱ्या पायरीच्या कुलपाभोवती फिरवते
आणि पुढे जाते.

पहिल्या रात्री पॅसेजमध्ये उभी होते,
पाणी प्यायला उठल्यासारखी, हातात रिकामा ग्लास.
आतून काही नाही.
फळ्यासुद्धा बोलल्या नाहीत.
दुसऱ्या रात्रीही नाही.
शिरीष म्हणाला, झोप आता, पलंग पक्का आहे.
पलंगाचं कोण विचारतंय.

काल चादरी काढल्या.
गुडघे टेकून खालच्या गादीवर रांगत गेले,
डोकं वर आपटलं,
तेव्हा दिसलं, निहारला रोज दिसतं ते:
फळ्यांवर मेस्त्रींची पेन्सिल, सहा फूट,
एक खोडलेला हिशेब,
आणि फटीत अडकलेली चिठ्ठी,
गणिताच्या वहीची, चौकटींची,
अर्धी वर, अर्धी खाली.

वरच्या ओळीत नीट अक्षर:
झोपलास का?
खाली, पेन्सिलनं, ह्रस्व-दीर्घाचा घोळ घालून:
हो. तु?

मी ती होती तिथे
परत सरकवली.
फट बरोबर दोन सूत होती.
जरा वाकावं लागलं.